दहाव्या मिनिटाला अडखळणारा लॅपटॉप

सिल्व्हर पार्क, मिरा रोड
आश्विन वद्य षष्ठी, शुक्रवार

चिरंजीव लवू यास थोरल्या बंधूचे अनेक शुभाशीर्वाद.

येथे श्रीकृपेने सर्व कुशल आहे. तुझा गुडघा, तुझा खोकला आणि तुझा स्वतःच्या यंत्रज्ञानावरील विश्वास, या तीन व्याधींपैकी पहिल्या दोन उतारास लागल्या असतील अशी आशा करतो. तिसरीवर इलाज नाही हे मी चाळीस वर्षांपूर्वीच ओळखले होते. तुझी वहिनी शेवंती ठणठणीत आहे. दसऱ्याला येथे आला असताना तू किती घावन खाल्लेस, हे ती अजून येणाऱ्याजाणाऱ्यास सांगते (मी दर वेळी त्यातून दोन कमी करून सांगतो, शेवटी तू माझा भाऊ आहेस).

गेले दहा दिवस आमच्या घरात एकच चिंता आहे, ती म्हणजे आपल्या सान्वीचा लॅपटॉप. तुझी ही नात कॉलेजच्या पाच जणींच्या संघातून एक खेळ खेळते. पाच जणींनी मिळून एक गढी राखायची आणि समोरच्या पाच जणींची घ्यायची, असा त्याचा आशय. प्रारंभी मी त्यास वेळेचा अपव्यय मानत असे. पण एके दिवशी तिच्या मागे बसून पाहिले आणि तिची एकाग्रता पाहून मला माझ्या जपाची लाज वाटली (जप करताना माझे निम्मे चित्त कुकरच्या शिट्ट्यांकडे असते). तर हे यंत्र पहिली दहा मिनिटे ओघवत्या पाठासारखे चालते, आणि दहाव्या मिनिटाला पाठांतर विसरलेल्या विद्यार्थ्यासारखे अडखळू लागते. पडद्यावर सेकंदाला नव्वद चित्रे उमटायची, तेथे वीस उमटतात. सान्वी गढीच्या दारात खिळून उभी राहते आणि मारली जाते. रविवारी अंतिम सामना. संघाची कर्णधार मिनल हिने बुधवारी निर्वाणीचे सांगितले, "सानू, सॉरी यार, पण रविवारपर्यंत नीट नाही झालं तर तू बाहेर बस. दर वेळी तू दारात अडकतेस आणि आम्ही सगळ्या मरतो." पोरगी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. त्या अर्ध्या भाकरीकडे पाहून मी संकल्प सोडला की या दोषाचे मूळ मीच शोधून काढीन.

तुझा सल्ला आम्ही प्रथम घेतला, हे तुझ्या समाधानासाठी नमूद करतो. तू दूरध्वनीवरून, यंत्र डोळ्यांनी न पाहता, "दादा, रॅम वाढव, बाकी सगळं झूट" असा निर्णय दिलास. (तू दुरुस्त केलेला मिक्सर आता एकाच वेगाने फिरतो आणि तोही झाकण उडवून, हे मी येथे मुद्दाम आठवत नाही.) परंतु आपल्या शास्त्रकारांनी कारण शोधण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक सांगितले आहेत: जे असताना कार्य घडते आणि जे नसताना घडत नाही, तेच त्याचे कारण. म्हणून मी नियम घातला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम वहीत लिहायचा. सान्वीने एक खिडकी उघडली, तीत प्रोसेसर, स्मृती, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांवर किती भार आहे ते दिसते. स्मृती, म्हणजे तुझी ती रॅम, अर्धी रिकामी! तुझा सिद्धांत तेथेच पडला. वाईट वाटून घेऊ नकोस. मग चित्रांचा दर्जा उतरवला. पहिली दहा मिनिटे चित्रे वाढली, पण दहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. चार्जर लावून पाहिला, काढून पाहिला. काढल्यावर तर यंत्राने पहिल्याच मिनिटाला मान टाकली, म्हणून पुन्हा लावला. इंटरनेट तोडून एकटीला सराव करायला लावले, तरी दहावे मिनिट चुकले नाही. दरम्यान लॅपटॉपजवळ चिवडा खाण्यास मी घरात सर्वांना बंदी केली, कारण माझा पहिला संशय शेवंतीच्या चिवड्यावर होता. शेंगदाण्याची सालपटे आत गेली असणार, असे मी तीन वेळा, तिसऱ्यांदा जरा उंच स्वरात, बोलून दाखवले.

शेवटी सान्वीने माझा हात धरून यंत्राच्या पोटाला लावला. तवा! अतिशय तापले की हे यंत्र जळू नये म्हणून आपणहून मंदावते, असे तिने सांगितले. तिचे लक्ष खाली गेले. विद्येचे साधन उघड्या लाकडावर ठेवू नये म्हणून मी ते पोथीच्या ठवणीवर, चौपदरी धाबळी अंथरून ठेवत असे. ती ओरडली, "आजोबा, तुम्ही त्याला लोकरीत गुंडाळलंय! श्वास कुठून घेणार तो?" धाबळी काढली. दहावे मिनिट चौदाव्यावर गेले, म्हणजे धाबळी हे एक कारण, पण एकमेव नव्हे. दोष आत होता.

आज सकाळी भाईंदर पश्चिमेला काळूरामच्या दुकानात गेलो. हा खारी गावचा, याचा आजा मिठागरात मीठ करी, हा डोळ्यांस भिंग लावून स्क्रू फिरवतो. सान्वी बाहेर मिनलशी फोनवर बोलत असताना त्याने यंत्राचे पोट उघडले, पंख्यात अडकलेले काही बाह्य पदार्थ चिमट्याने काढले आणि वरून म्हणाला, "आजोबा, यंत्र चांगला हाय, पंखा फिरत नव्हता." घरी येऊन पंचवीस मिनिटे खेळून पाहिले. नव्वदच्या नव्वद चित्रे. शास्त्राचा विजय झाला, हे तुला कळवावे म्हणूनच हा पत्रप्रपंच. कळावे, लोभ आहेच, तो मिक्सरपासून दूर राहून वाढवावा.

तुझा दादा,
शशिकांत

ता. क. वरील "बाह्य पदार्थ" म्हणजे अकरा अक्षता आणि झेंडूची एक पाकळी. दसऱ्याला शस्त्रांसोबत मी लॅपटॉपही पूजला, हे तुला आठवत असेल. तबक तूच धरले होतेस. पोरीला यश यावे म्हणून मी चिमूटभराऐवजी मूठभर वाहिल्या, त्यांतल्या या अकरा वरच्या जाळीतून आत गेल्या. काळूरामने हातावर धरून विचारले, "तांदूल लाल कसा?" मी छताकडे पाहिले. आता चिवड्याविषयी इतके बोलून बसल्यावर मला तोंड नाही. तरी तू फोन करून, अक्षता तू वाहिल्यास, एवढे सांग. तुझ्याकडून असे काही घडणे कोणासही अशक्य वाटणार नाही.

ता. क. २ (रविवार) पत्र टाकायचे राहिले ते बरे झाले. सामन्याआधी सान्वी कागदाची पुडी घेऊन आली. आत त्याच अकरा अक्षता. काळूरामने तिला परस्पर दिल्या होत्या, "देवाच्या हायेत, टाकू नका" म्हणून. शुक्रवारपासून तिला सर्व ठाऊक होते. ती वाकली आणि म्हणाली, "आजोबा, या वेळी माझ्या डोक्यावर टाका." टाकल्या. संघ अखेरच्या मिनिटाला हरला, पण सान्वी दारात एकदाही अडकली नाही. मिनलने तिची जागा कायम ठेवली. भाकरी दोन खाल्ल्या.

ता. क. ३ तरीही फोन करच, आणि तो वहिनीला कर. तिला यातले काहीच ठाऊक नाही. दिवाळी सात दिवसांवर आली आहे, आणि यंदा आपण चिवडा करणार नाही, असे तिने जाहीर केले आहे.