भिंतीबाहेरची लेकरं

१७ जानेवारी १९५८

नाही म्हणजे नाही! निबंधस्पर्धेसाठी 'आदर्श गृहिणी' या विषयावर मी लिहिणार नाही. ट्रेनिंग कॉलेजातल्या बाकीच्या मुलींनी खुशाल लिहावा. शालनबाईंना भर वर्गात सांगितलं – चिंचवडच्या माळावर नवा कारखाना बांधतायत, तिथे विटा वाहणाऱ्या बायकांवर मी लिहीन. मुली फिदीफिदी हसल्या. बाई नाही हसल्या.

"लिही. पण स्पर्धेला नुसतं मत चालत नाही. जाऊन बघ, विचार, कायदा वाच. पुरावा नसला तर ती नुसती आदळआपट."

बघतेच!

१९ जानेवारी

रविवार. बाबांची भाकरी घेऊन माळावर गेले. बाबा तिथे मुकादम आहेत. रावेतहून शेतांच्या बांधाबांधानं चालत गेले, पोचेतो ऊन चढलं होतं.

बाभळीखाली पोती अंथरून तान्ही मुलं निजवलेली. तोंडावर माश्या. आधी वाटलं, किती शहाणी बाळं! मग काहीतरी खटकलं. इतकी मुलं – आणि एकही रडत नाही?

एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून पाणी प्यायला आली. अंबूबाई, बीडकडची. तिचा मुलगा त्यातच होता.

"गोळी दिलीय की माय. अफूची. रडलं तर काम कसं व्हावं?"

"एवढ्याशा लेकराला अफू?"

"मुकादम म्हनतो, रडकं लेकरू असंल तर घरीच बसा."

मुकादम. ती मला ओळखत नव्हती. मी सांगितलंही नाही कुणाची ते. भाकरीचं फडकं पदराआड धरलं.

२० जानेवारी

बाबांशी कडाक्याचं भांडण.

"बाया सारख्या पाजायला खाली उतरत्यात, काम मागं पडतंय. ठेकेदार बोलतो मला. मी काय करू?"

म्हटलं, सावली करा. एक बाई मुलं सांभाळायला ठेवा.

"तू आदी मास्तरीण हो. मग शिकव मला!"

आई मधे पडली नाही. भाकरी थापत राहिली – जरा जोरातच. मी न जेवता उठले. कुणी थांबवलंही नाही!

२५ जानेवारी

पुण्याच्या वाचनालयात. कायद्याचं पुस्तक इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. तिथले गृहस्थ येऊन म्हणाले, "पाककृतीची पुस्तकं त्या कपाटात आहेत, मुली." मान वर न करता म्हटलं, "मला भूक नाही."

सापडलं! पन्नासाहून जास्त बायका कामाला असतील तर कारखान्यानं त्यांच्या लहान मुलांसाठी खोली द्यायची, सांभाळायला शिकलेली बाई द्यायची. टाळी वाजवावीशी वाटली. मग 'कारखाना' कशाला म्हणायचं ते वाचलं. बांधकाम त्यात बसत नाही. पुन्हा वाचलं. बसतच नाही!

म्हणजे आत यंत्रं फिरायला लागली की तिथल्या बाईच्या लेकराला खोली. आणि आज जी विटा वाहतेय तिच्या लेकराला बाभळीखालचं पोतं.

पहिलं वाक्य तिथेच लिहिलं – 'ज्या भिंतीच्या आत कायदा राहायला येणार आहे, ती भिंत बांधणारी बाई मात्र कायद्याच्या बाहेर आहे.'

२९ जानेवारी

कोण म्हणतं सोय होत नाही? माळाला लागूनच नूरबींचं घर. नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, ओसरी भलीमोठी. सरळ जाऊन विचारलं, मुलं ठेवाल का?

"ठेवीन की. मदतीला एक बाई द्या, पाणी भरून द्या. पण अफू माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, सांगून ठेवते."

झालं! इतकं साधं आहे. हे निबंधात घालणार. बाबांना सांगितलं. "बघू," म्हणाले. त्यांचं 'बघू' मला ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी

आज अंबूबाईचं पोर उठेना.

मी तिथेच होते, बायकांशी बोलत. ती पाजायला आली, हलवलं, गालावर थापट्या मारल्या, पाणी शिंपडलं. मान नुसती लोंबत होती. ओठ निळसर. ती ओरडलीच नाही – नुसतं "वाल्मिक, वाल्मिक" म्हणत राहिली. बायका पाट्या टाकून धावल्या. बाबा वरून शिव्या देतच आले, "कशाला गर्दी –" आणि पोराकडे पाहून थांबले.

मग त्यांनीच त्याला उचललं. विटांचा रिकामा ट्रक निघत होता, त्याच्यापुढे हात पसरून उभे राहिले. अंबूबाई, मी, बाबा – सगळे पुढेच कोंबून बसलो. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं. बाबा पायरीवर बसले. टोपी काढून हातात धरली होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.  

किती वेळानं कोण जाणे, आतून बारीकसं रडणं आलं. नर्स "शूऽ शूऽ" करायला लागली. बाबा ताडकन उठले, दारातनंच ओरडले, "रडू द्या! बाई, रडू द्या त्येला!"

३ फेब्रुवारी

रात्री जागून कालचं सगळं निबंधात लिहिलं. अक्षर बघ कसलं!

११ फेब्रुवारी

निबंध बाईंना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "'रडक्या मुलांच्या आयांना घरी पाठवणारा मुकादम माझा बाप आहे' – हे वाक्य काढ. परीक्षकांना रुचणार नाही. तुझ्या घरालाही नाही."

म्हटलं, पुरावा तुम्हीच मागितला होता.

मी काढणार नाही. ठेकेदाराला दोष द्यायचा आणि बापाला लपवायचं – मग उरलेलं खरं कोण मानेल?

१२ फेब्रुवारी

पण घरी न सांगता पाठवणार नाही. बाबांना समोर बसवून सगळा वाचून दाखवला. ते वाक्यही सोडलं नाही. 

आई भडकली. "बापाला चव्हाट्यावर मांडतीस?"

बाबांनी तिला हातानंच गप्प केलं.

"माझा बाप, एवढंच लिव्हलंस. नाव न्हाई लिव्हलंस."

"नको वाटलं."

"लिही. चिमाजी भोंडवे, रावेत. न्हाईतर लोक म्हनतील, पोरगीनं कथा रचली."

लिहिलं. अक्षर शक्य तेवढं चांगलं काढलं.

९ मार्च

बक्षीस 'आदर्श गृहिणी'लाच! बरं झालं. पण पुण्याच्या एका साप्ताहिकानं माझा निबंध जसाच्या तसा छापलाय. बाबांच्या नावासकट. अंबूबाईला वाचून दाखवला. कडेवरचा वाल्मिक कागद ओढत होता. "आमचं नाव बी हाय का यात?" म्हणाली. आहे म्हटल्यावर लाजली.

१५ मार्च

ठेकेदारानं साप्ताहिक वाचलं. आज हुकूम – लेकुरवाळी बाई कामावर नको. एकही नको! अंबूबाईसह सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं; त्या तिथेच बसून राहिल्या. माझ्या निबंधानं त्यांचं काम घालवलं. बाबांना म्हणाला, हाकलून दे यांना. बाबांनी मुकादमाची शिट्टी त्याच्या हातात ठेवली आणि बायकांमध्ये जाऊन मांडी घालून बसले. मीही निघाले, त्यांच्याशेजारी बसायला.