माझ्या नावावर तू दिलेलं उत्तर

विल्होळी, तुझ्याच घराची पडवी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय गोरक्ष,

अनेक आशीर्वाद.

आजच्या सभेला श्रोता एकच आहे, आणि तो समोरच्या झेंडूत वाकून फुलं तोडतो आहे. हाक मारली तर ऐकू जाईल अशा माणसाला पत्र लिहायची वेळ आली, कारण मी तोंड उघडलं की तू म्हणतोस, "ताई, इथं माईक नाय," आणि उठून जातोस. म्हणून लिहिते. तू पत्र टाकून उठलास तरी ते परत हातात घेता येईल.

तर, माझ्या एकुलत्या एका श्रोत्या, आपल्या दोघांची या घराबद्दल एक जुनी तक्रार आहे. इथे ताप आला तर गोळी मिळायची. विळा लागला तर हळद मिळायची. पण आतून काही दुखतंय म्हटलं की आई म्हणायची, "कामाला लाग, विसरशील." तिचा तरी काय दोष, तिच्या आईने तिला तेच सांगितलं असणार. तू कामाला लागलास, मी भाषणांना लागले. तू वावरात राबत राहिलास, मी गावोगाव गरजत राहिले. लोक म्हणाले, दोघं भावंडं किती कर्तबगार! विसरलं मात्र दोघांपैकी कुणीच काही नाही.

बाकी खुशाली म्हणशील तर तुझ्या बायकोच्या, योगिनीच्या हातचं भरीत खाऊन मी फुगत चालले आहे. ती आग्रह करते आणि मी नको म्हणत नाही.

आता माझ्या फ्लॅटच्या रंगकामाविषयी. बुधवारी सकाळी मी पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, घराला रंग काढलाय, थोडे दिवस इथेच राहते. योगिनी पटकन म्हणाली, "ताई, रंग दिवाळीच्या आधी काढतात ना?" मी म्हटलं, रंगारी आत्ता मोकळे असतात. तू विचारलंस, "कुठला रंग?" मी सकाळी निळा म्हणाले आणि संध्याकाळी पिवळा. तू हसलास. तुला हसताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मी आणखी चार रंग सांगितले असते.

रंग काढलेला नाही, गोरक्ष. गंगापूर रोडच्या फ्लॅटला कुलूप आहे, भिंती आहेत तशाच आहेत.

काल पहाटे फुलबाजाराला निघताना मी टेम्पोत चढले. गेल्या वर्षीच्या अपघातापासून तू शेजारच्या सीटवर रिकामा क्रेट ठेवतोस. तिथे कोंडाजी बसायचा. शेजारच्या वावरातला तुझा जिवाभावाचा मित्र, रोज तुझ्याबरोबर आपली फुलं घेऊन निघणारा. नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नल तोडून ट्रक घुसला तो त्याच्याच बाजूने. काल मी तो क्रेट उचलून मागे टाकला आणि बसले. तू गाडी सुरू केलीस. द्वारकेच्या चौकात तुझ्या हातांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आणि राज्यभर बोलत फिरणाऱ्या या बाईला सुचलं काय? "यंदा फ्लॉवरला भाव काय आहे रे?" आपण झेंडू विकतो, गोरक्ष. तूही मला तसंच म्हणालास.

सृष्टी आठवते ना? मोबाईलवरच्या धड्यांतून मानसोपचार करता येतो का, यावर संशोधन करणारी. मी व्यासपीठावरून तिच्या कामाची टर उडवली होती. "माणसाचं दुःख काय मोबाईलच्या काचेवरचा डाग आहे, बोटाने पुसायला?" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ही मुलगी मागच्या रांगेतून उठली. म्हणाली, "ताई, तिकडे डोंगरात सुरगाण्याच्या बाईने मानसोपचाराला नाशिकला यायचं कसं, तेवढं सांगा. मी अभ्यास बंद करते."

मी तिच्या अभ्यासात नाव घातलं तेव्हा तुला म्हणाले होते की आतून पोल उघडी पाडायची आहे. ते खोटं होतं. भाषणाला उभं राहण्याआधी माझी छाती धडधडायची, हात गार पडायचे, आणि पाण्याचा ग्लास मी दोन्ही हातांनी धरायचे. एवढी वर्षं कुणाला दिसू दिलं नाही. मोबाईलवरच्या त्या धड्यांत मी पानंच्या पानं लिहायचे. सृष्टीचं एका ओळीत उत्तर यायचं, "ताई, भाषण छान झालं. आता तुम्हाला काय होतं ते लिहा." यंत्र असतं तर मी केव्हाच बंद केलं असतं. पलीकडे माणूस होता म्हणून टिकले.

मग तुलाही त्या अभ्यासात ओढलं. नावं घातलेल्यांची चिठ्ठी पडते, काहींना धडे लगेच, काहींना काही महिने थांबून. मला लगेच मिळाले, तुला थांबायचं आलं. मी सृष्टीवर तोफ डागली. "माझा भाऊ झोपत नाही आणि तुम्ही त्याला रांगेत उभं करता?" तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, काही माणसं नुसत्या दिवसांनीही सावरतात. थांबलेल्यांशी ताडून पाहिलं नाही, तर फरक आमच्यामुळे पडला की दिवसांमुळे, हे कळणार कसं? न कळताच मी ते हजारो लोकांना देऊ?"

मला ते पटलं. पटलं, आणि त्याच संध्याकाळी येऊन मी तुला माझा पासवर्ड दिला. लहानपणी आपण एका ताटात जेवलो. माझ्या ताटात आहे आणि तू नुसता बसलायस, हे मला बघवेना. तू म्हणालास, "यंत्रालाच सांगायचं ना, मग लाजायचं काय?" मी ते खोडून काढलं नाही. त्यानंतर माझ्या नावावर कधी मी लिहायचे, कधी तू. तू काय लिहितोस ते मी उघडून पाहत नव्हते. तेवढा आडपडदा मी ठेवला होता.

मंगळवारी मी सोलापूरला होते. सभा सुरू व्हायची होती. सृष्टीचा फोन आला.

"छायाताई, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"स्टेजच्या मागे. हार घालणाऱ्यांची झुंबड आहे."

"एकट्या आहात का?"

"अगं, इथे श्वास घ्यायला जागा नाही. का?"

ती अगदी सावकाश बोलली. "धड्यातल्या आज सकाळच्या प्रश्नांना तुम्ही उत्तर दिलंय, की जगू नये असं जवळजवळ रोज वाटतं."

गोरक्ष, मी त्या सकाळी ते उघडलंच नव्हतं.

सोलापुरात मी बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा सभा सोडून निघाले. आधी योगिनीला फोन लावला. म्हटलं, गोरक्ष कुठे आहे? म्हणाली, "वावरात, पाइप जोडतायत." मी म्हटलं, चहा घेऊन जा, आणि मी येईपर्यंत त्याच्यापासून हलू नकोस. तिने कारण विचारलं नाही. ती अजूनही हललेली नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. या क्षणी टोपली घेऊन तुझ्या शेजारच्या सरीत आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं ते तू सांगशील.

गाडीत रात्रभर मला एकच भीती होती. तू खरं बोललास, कारण पलीकडे कुणी नाही असं तुला वाटलं. आता मला कळलंय हे तुला कळलं, तर तू ते दारही लावून घेशील. म्हणून रंगकाम काढलं. म्हणून दोन दिवस फ्लॉवरचे भाव विचारत बसले.

रागाव माझ्यावर. हवं तेवढं. पण ते उत्तर कुणीतरी वाचलं याचं मला वाईट वाटत नाही. तू एवढं घेऊन एकटा पहाटे त्या चौकातून जात होतास, त्याचं वाटतं.

आणखी एक. काल कोंडाजीच्या बायडाबाई आल्या होत्या. त्यांना पाहून तू मागच्या वावरात गेलास. मला म्हणाल्या, "माझ्या धन्याला ट्रकनं नेलं, गोरक्षनं नाय. रोज दारावरनं जातो, पण मान वर करत नाय. त्याला म्हणावं, एकदा घरी ये. मला त्याचा राग नाय, मला त्याची लय काळजी वाटती." शब्द त्यांचेच आहेत, मी एकही वाढवलेला नाही.

सृष्टीला मी पासवर्डचं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. आपली उत्तरं अभ्यासात धरायची की नाही, ते वरचे ठरवतील. पण ती म्हणाली, जिवाचा प्रश्न आला की थांबायची रांग संपते. तुला मोबाईलवरचे धडे पुरणार नाहीत, डॉक्टरांनी समोर बसवून बोलायला हवं. उद्या सकाळची वेळ तिने ठेवली आहे, मी बरोबर येईन. त्याआधी तिला आज तुझ्याशी बोलायचं आहे. तुला झोप लागावी म्हणून योगिनीला त्र्यंबकला जाऊन पूजा करायची आहे, तीही करा. भाषणांत अशा पूजांवर कितीही बोलत असले, तरी मी आडवी येणार नाही. नारळ मीच धरीन.

घरात बोलायला आडोसा नाही, म्हणून टेम्पो लिंबाखाली लावायला सांगितलं आहे. तू तुझ्या जागी बस. क्रेट मी पुन्हा मागे टाकला आहे, शेजारी मी बसेन आणि तोंड उघडणार नाही. उतर म्हणालास तर उतरेन, पण दारापाशी उभी राहीन.

आज चार वाजता तुझा फोन वाजेल. या वेळी तुझ्या नावाने, तुझ्यासाठी.

गोरक्ष, तो उचल.

तुझ्या ताटातली,
ताई