माझ्या सहीवाचून अडलेलं घर

वेम्बली, मार्च २००९

ती. मीनाक्षीकाकूंना अन्वीचा वाकून नमस्कार,

काकांचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही ठीक आहोत. म्हणजे सगळे धक्क्यात आहोत, पण ताप वगैरे कुणाला नाही.

बाबांनी इल्फर्डला रघुवीर अंकलचं घर पसंत केलंय ते तुम्हाला माहीतच आहे. भाव इतके पडलेत की घर विकूनही अंकलचं कर्ज फिटत नाही, म्हणून कमी किमतीला विकायला आधी त्यांची बँक हो म्हणायला हवी. आणि ती हो म्हणेचना (आई म्हणते, मुलगी पसंत नसली की लोक असेच पत्रिका बघत बसतात). इकडे बाबांनी आपल्या घरकर्जासाठी सगळ्यात कमी व्याजाचा मॉर्गेजवाला निवडला आणि आठवडाभर ऐटीत फिरले. त्याची ऑफर तीन महिन्यांत संपते हे कुणी वाचलंच नव्हतं. ती संपली. मग दुसरा मॉर्गेजवाला शोधला, व्याज जास्त पण ऑफर जास्त दिवस टिकणारी. बाबा आता दुधासारखी तारीख बघून ऑफर घेतात.

या सगळ्यात मला सतरा पूर्ण झाली आणि तिथेच बॉम्ब पडला. दुसऱ्या मॉर्गेजवाल्याचा नियम असा, की घरात राहणाऱ्या सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाने लिहून द्यायचं, हप्ते थकले आणि घर जप्त झालं तर मी मुकाट्याने बाहेर पडेन. काकू, माझी सही. आमच्याकडे टीव्हीचं चॅनल बदलतानाही मला कुणी विचारत नाही. शाळा सोडल्यापासून माझं मत फक्त दुकानातली गिऱ्हाइकं विचारतात (तेही भेंडी कोवळी आहे का, एवढंच).

वर आई-बाबांना बाहेर बसवून सही करायची, वेगळ्या सॉलिसिटरसमोर, म्हणजे माझ्या एकटीच्या वकीलबाईसमोर. तिने दार लावलं आणि विचारलं, घरच्यांचं प्रेशर आहे का. मी नेहमीसारखी गप्प. इतकी गप्प, की तिने मला पाणी दिलं आणि सही शुक्रवारवर ढकलली. आई हबकलीच. "अगं, नुसतं नाही म्हणायला काय झालं होतं तुला?" बाबा बसमध्ये एवढंच म्हणाले, "आम्ही छळतो का गं तुला?" आणि घरी येऊन त्यांनी मला चहा करून दिला. बाबांनी. मी तो उभ्यानेच प्यायले.

आता अंकलच्या बँकेचा होकारही आलाय. अडलंय ते फक्त माझ्यामुळे.

तुमची,
अन्वी

ता. क. वरचं सगळं आईने वाचलंय, हे मी पोस्टात उभी राहून लिहितेय. मी गप्प नव्हते. मी सॉलिसिटरला विचारलं, त्या घरात मी राहणारच नसले तर? ती म्हणाली, मग तुझ्या सहीची गरजच नाही. विचार करायला शुक्रवारपर्यंतचा वेळ मीच मागितला. काकू, तुमच्या मिल्टन कीन्सच्या कॉलेजात हेअरड्रेसिंगचा कोर्स आहे आणि तुमची मागची खोली रिकामी आहे. येऊ का राहायला? स्वयंपाक येत नाही, भांडी घासते.

ता. ता. क. नाही म्हणालात तर सही करून टाकीन, बाबांचं घर अडवणार नाही. पण हो म्हणालात, तर तुम्हीच मला बोलावलंय असं त्यांना सांगा. मी विचारलं हे कळलं, तर त्यांना खरंच वाटेल की ते मला छळतात.