आप्पाचं सोंग

सोलापूर, फेब्रुवारी १९३५

प्रिय जोतीराम,

तुझं पत्र पोचलं. कोल्हापुरात शूटिंग चालू असल्यामुळे तुला आप्पाच्या दिवसांना येता आलं नाही, हे समजलं. पुढे तू लिहिलं आहेस की तुझ्या भूमिकेमुळे आपला आप्पा अमर झाला. ते वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. आईला अजून काही सांगितलेलं नाही. डोळे गेल्यापासून ती माझ्याकडेच असते आणि आता अंथरुणावरून उठत नाही. आप्पा लांबच्या जत्रांना गायला गेलाय, असं मी तिला सांगते. ती दाराकडे कान लावून पडून राहते.

गेल्या वर्षी तू घरी येऊन राहिलास, तेव्हा आप्पाला काय आनंद झाला होता! नाटक कंपनीत गेलेला धाकटा भाऊ, आता बोलपटाचा नट, आणि तो आपल्याबरोबर गावोगाव यायचं म्हणतोय. त्याला वाटलं, तुला डफ शिकायचा आहे. गवताच्या जाळावर कातडं कसं शेकायचं, थाप कुठे मारायची, हे तो तुला हौसेने दाखवायचा. तू मात्र डफाकडे बघत नव्हतास. डाव्या कानावर हात ठेवून तो वरचा सूर घ्यायचा, तिथे गिरणीतल्या कापसाने धरलेली त्याची छाती दगा द्यायची, खोकला यायचा, आणि मग लोकांची माफी मागितल्यासारखा तो हसायचा. गाडीखाली सापडलेला उजवा पाय ओढत चालायचा. तू ते बघत होतास. मला ते दिसत होतं, पण मला वाटलं तुला त्याची काळजी वाटते. आप्पा गिरणीची पाळी करून संध्याकाळी गायचा, त्यावर मी सातवी झाले आणि तुला नाटकाच्या कंपनीत जाता आलं. काळजी वाटणारच, असं मी धरून चालले.

तुझा बोलपट ‘फाटका शाहीर’ इथे लागला तेव्हा आप्पाने आमची सगळी चाळ गोळा करून नेली. पुढे जमिनीवर बसला. तू पडद्यावर पाय ओढत आलास तेव्हा सगळ्यांत आधी तोच हसला. मला ढोसून म्हणाला, “वच्छे, ह्यो आपला जोत्याच हाय की गं!” मग तू गायला लागलास. कानावर हात, वरचा सूर, खोकला, हातातून डफ पडला, तू गुडघ्यांवर आलास आणि तसाच हसलास. थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. तुझा शाहीर दारू पिऊन पडतो. आप्पाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, हे तुला ठाऊक होतं. शेजारची हेमावती हसता हसता एकदम थांबली आणि आप्पाकडे बघायला लागली. शेवटी शाहीर मोठा होतो, त्याला हार घालतात, तो भाग चांगला आहे म्हणतात. आम्ही तोवर बसलो नाही. वाटेत आप्पा एवढंच बोलला, “पोरानं लई बारीक बघितलं.”

त्यानंतर तो कुठेही उभा राहिला की लोक ओरडायचे, “शाहीर, आदी खोकून दावा की!” कुणी म्हणायचं, “बोलपटातल्यावानी पडा की राव, नुसतं गाताय काय!” वर मला येऊन सांगायचे की तुमचा थोरला भाऊ धाकट्याची नक्कल बरी करतो. आप्पा खोकला दाबून गायला लागला. दाबला की तो आणखी यायचा. मी म्हटलं, आता गाणं सोड. तो म्हणाला, “आगं, हसत्यात तर हसू दे. गावाकडं न्हाय हसायची.”

मोडनिंबच्या जत्रेत, आपल्याच गावात, तो उभा राहिला. कानावर हात ठेवला, सूर घेतला आणि डफ हातातून पडला. मग तो गुडघ्यांवर आला. जोतीराम, लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या, आणि मग सगळ्यांनी मिळून ‘वन्स मोअर’. मागे तुणतुणं धरणारा सिद्धप्पा त्याच्या तोंडाचं रक्त उपरण्याने पुसत ओरडला, “आरं गप बसा, खरं हाय ह्ये!” त्यालाही टाळ्या पडल्या. आप्पाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तो हसला की नाही, ते सिद्धप्पा मला सांगत नाही. ‘वन्स मोअर’ चालू असतानाच आप्पा गेला.

मी तुला बोल लावायला बसलेले नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे की आई आता फार दिवस काढणार नाही, आणि ती सारखं आप्पाचंच नाव घेते. तुझ्या अंगात तो जसाच्या तसा आहे. साऱ्या मुलखाने पाहिलं आहे. म्हणून तू ये. जोतीराम म्हणून येऊ नकोस. दारापासूनच पाय ओढत ये, तिला पाऊल ओळखता येतं. आत येऊन खोक. ती तुला जवळ घेईल, छातीला कोमट तेल चोळील आणि वाळत चाललास म्हणून रागावेल. तेव्हा हलू नकोस, आणि रडू तर मुळीच नकोस. आप्पा कधी तिच्यापुढे रडला नाही. त्यानंतर ती विचारील, जोत्याचं काही कळलं का. हे ती नेहमी विचारायची. आप्पा काय उत्तर द्यायचा, ते तू कधी ऐकलेलं नाहीस, कारण तू नसतानाच तो ते द्यायचा. म्हणून इथे लिहून देते. पाठ करून ये, एक शब्द बदलू नकोस: “कामात आसंल गं आई. आपल्याला इसरनारं पोर न्हाय ते.”

तुझीच,
आक्का