तुमच्या नाटकातली बाई

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी तुमच्या नाटकाला लोक अजून धाडसी म्हणतात. पुरुषाच्या वासनेचा बुरखा फाडला म्हणे तुम्ही. फाडला डोंबल! त्यातल्या तिन्ही पुरुषांना नावं आहेत, नोकऱ्या आहेत, पानपानभर पश्चात्ताप आहे. बाईला नुसतं 'बाई' म्हटलंय. तिच्या वाट्याला सात वाक्यं, त्यातली चार नुसती 'नको'. तिच्याकडे कसं बघायचं ते मात्र तुम्ही बारकाईनं लिहून ठेवलंत.

नांदेडला कॉलेजात असताना ती बाई मी केली. साडी तुम्हीच देगलूरच्या बाजारातून आणलीत, इतकी पातळ की आई म्हणाली, "ह्याला साडी म्हणावं का मच्छरदाणी?" मला मात्र कोण अभिमान, सरांनी साडी दिली! पदर ढळायचा प्रसंग तुम्ही एका दुपारी नऊ वेळा करून घेतलात. दहाव्यांदा मी पदर धरून ठेवला, तर सगळ्या पोरांदेखत म्हणालात, "लाज वाटत असंल तर घरी जाऊन भाकरी थाप." पहिल्या रांगेत बसायचात, मांडीवर वही उघडी, आणि वहीत एक अक्षर नाही. पुरुषाची नजर दाखवायला नाटक कशाला लिहिलंत? प्रयोगाच्या दिवशी तुमची खुर्ची प्रेक्षकांकडे वळवून ठेवली असती तरी भागलं असतं. माझे वडील, आमचे बापू, मध्यंतरात उठून गेले. त्या नाटकाविषयी ते शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं.

आता मी उदगीरला कॉलेजात शिकवते. तुमच्या स्मरणार्थ तेच नाटक करायचं ठरलंय, आणि बसवायचं मी. काल वाचन झालं. ज्यानं त्यानं आपल्या रंगसूचनाही मोठ्यानं वाचायच्या, ही तुमची शिस्त मी अजून पाळते, मूर्खासारखी. बाईचं काम जिला द्यायचंय ती जळकोटकडची पोर, पहिल्यांदाच नाटकात आलेली. ती वाचते, "बाई वाकते. पदर ढळतो. मानेवरून घाम ओघळतो." पोरं खी खी हसतात. ती थांबते, पान उलटून बघते. "मॅडम, हिला काय वाटायलंय ते कुठं लिहिलंय?"

कुठंच नाही, सर. तुम्हाला ते सुचलंच नाही. एवढे मोठे नाटककार!

सगळे गेल्यावर ती मागं थांबली. "तुमी केलती म्हणे ही बाई. लई वंगाळ वाटलं का? खरं सांगा, तुमी म्हणाल तसं करते."

माझा एक शब्द पुरला असता. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणाले, "आता आठवत नाही गं."

ती मोकळी हसली. "मग करते की, मॅडम," म्हणाली, आणि संहिता पिशवीत घालून एसटी गाठायला पळाली.

तिचा नंबर आहे माझ्याकडे. तिला फोन लावायचा सोडून हे तुम्हाला लिहीत बसलेय.