नम्रताच्या फेकीचे निशाण

मी, हेमा दिगंबर लवाटे, वय सदुसष्ट, राहणार एरंडवणे, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनीच मला सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे, तेव्हा आणखी थांबण्यात अर्थ नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती सदनिका व बँकेत असेल ते सर्व माझा मुलगा केयूर याला. सदनिका विकली तरी माझी हरकत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करायची आहे, कलम चारसकट. ते वाचून "आई, आता कशाला उकरून काढतेस" असे तो म्हणेल. उकरण्यासारखे आहे म्हणूनच लिहिले आहे.

२. चार बांगड्या व मोत्यांच्या कुड्या सून अस्मिता हिला. मला साधे पिठले जमत नाही, असे ती तिच्या आईला फोनवर सांगत होती, ते मी ऐकले आहे. बांगड्या तरीही तिलाच.

३. माझा तीन किलोचा हातोडा, म्हणजे तारेच्या टोकाला लोखंडी गोळा आणि दुसऱ्या टोकाला मूठ, खडकीच्या मैदानावर ठेवावा. जिला उचलावासा वाटेल तिने उचलावा.

हातोडाफेक मी बावन्नाव्या वर्षी सुरू केली. दिगंबर गेल्यावर घर खायला उठायचे. माझी शाळेतली मैत्रीण नम्रता मला ओढून मैदानावर घेऊन गेली. तिथे रतन होती. दारूगोळा कारखान्यात नोकरी करून, घरचे आटोपून ती संध्याकाळी एकटीच सराव करायची. आम्हा दोघींना गिरकी तिनेच शिकवली. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "बाई, मंडईतून भोपळा आणल्यासारखा काय धरलायस? सोडायचाय तो, घरी न्यायचा नाही!" नम्रता हसून खाली बसली. पुढची चार वर्षे पुण्यात आमच्या वयाच्या गटात आम्ही तिघीच होतो. एकमेकींना हरवायचे आणि रतनच्या डब्यातली लसणीची चटणी तिघींनी खायची. तार तुटली तर प्रतिस्पर्धी स्वतःची द्यायची. इतके सुख मला कॉन्व्हेंटात मिळाले नाही, संसारातही नाही.

४. हे कलम केयूरने दोनदा वाचावे.

आमची फेक नेहमी जेवणाच्या सुट्टीत ठेवत. पंच पुऱ्या खायला जात आणि मापे आमची आम्हीच घेत असू. एक फेकणार, एक गोळा पडेल तिथे निशाण रोवणार, तिसरी वहीत लिहिणार. निशाण रोवणारीने जुना खड्डा टाचेने बुजवायचा. आणि तिने रोवलेल्या निशाणावर कोणी शंका घ्यायची नाही, असे आमचेच ठरलेले होते.

जानेवारी २०१४ मध्ये राज्य निवड स्पर्धा झाली. तिथेही आमच्या गटात आम्ही तिघीच होतो. परदेशातल्या स्पर्धेला एकच नाव जायचे होते. सरावाच्या फेकीत रतनचा गोळा लांब गेला होता. तो खड्डा बुजवायचे काम माझे होते, मी विसरले. मग मोजणीच्या फेकी झाल्या आणि रतन पुढे राहिली: सत्तावीस मीटर एकावन्न. शेवटची फेक नम्रताची. तिचा नवरा जाऊन चार महिने झाले होते. गोळा रतनच्या सरावाच्या खड्ड्याच्या हातभर अलीकडे पडला. मी धावत गेले आणि निशाण पलीकडच्या खड्ड्यात रोवले. घाईत चुकले, हे खरे. पण टेप ताणायच्या आधी खाली वाकून पाहिले तेव्हा मला चूक कळली होती. मी निशाण हलवले नाही. माप आले सत्तावीस बासष्ट.

पंच नसलेल्या मैदानात मी माझ्या शाळेच्या मैत्रिणीला निवडले आणि जिने शिकवले तिला डावलले. नम्रता माझ्यासारखी होती, रतन खडकीच्या क्वार्टर्समधली होती. तेव्हा हे मनात आले नव्हते असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले. खोटे बोलू नये, हे आम्हाला सिस्टर इंग्रजीतून शिकवायच्या. बहुधा म्हणून मराठीत चालून गेले.

नम्रता परदेशी जाऊन नववी आली. रतनने मैदान सोडले. नम्रता तीन वर्षांपूर्वी वारली. तिला यातले काही माहीत नव्हते. ती असताना हे लिहायचे धैर्य मला झाले नाही. केयूरने या कलमाची प्रत या स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेकडे द्यावी आणि त्या निवडीपुढे रतनचे नाव लिहून घ्यावे. टाळाटाळ केली तर पुन्हा जावे.

५. रतन कोंडीराम मुळीक हिला मी काहीही ठेवत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकील म्हणतात, आणि मला साक्षीला तीच हवी आहे. दुसरी कोणती सबब काढून तिला बोलवावे, हे मला सुचले नाही.

६. (हे कलम सहीपूर्वी हाताने लिहिले आहे.) आज वकिलांच्या कचेरीत रतनने वरील मजकूर उभ्यानेच वाचला. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "खड्डा माझा होता. मी ओळखणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"निशाण तुझं होतं, बोलायचं तू होतंस. अकरा वर्षं तुझ्या फोनची वाट पाहिली, हेमा. आणि तू मला वकिलाकडून निरोप धाडलास."

संघटनेकडे प्रत द्यावी का, असे वकिलांनी तिला विचारले. "ते तिचं ती बघेल. मी सहीपुरती आले आहे," एवढेच ती म्हणाली. कलम चार कायम आहे.

वरील सर्व मी वाचले, ते माझेच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

पुणे, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सही: हेमा दिगंबर लवाटे

साक्षीदार:
१. डॉ. इंद्रजीत गोसावी, एरंडवणे, पुणे
२. रतन कोंडीराम मुळीक, खडकी, पुणे. मी फक्त सही पाहिली आहे. बाकीचे मला मान्य आहे असे कोणी समजू नये.