टीव्हीचा घ्यावा की हातातला

६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठोकळ्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि त्यातली दोन गुळगुळीत माहितीपत्रकं चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पोचली. बरं केलंस इकडे पाठवलंस. माझा फोन लागत नाही म्हणून तू नक्कीच चिडला असशील. तो सध्या माझ्याकडे नाही. का नाही ते सांगते पुढे. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझी कंबर कशी आहे? जड उचलू नकोस असं तुझी बायको सांगते तेव्हा ऐकत जा, ती काही तुझ्या वाईटावर नाही.

तुझ्या भाचीला, टिचकीला, वाढदिवसाला गेम घ्यायचा म्हणतोस. टीव्हीला जोडायचा मोठा, की हातात धरून खेळायचा छोटा, असं विचारलंस. योग्य माणसाला विचारलंस हो. आमच्या घरात दोन्ही होते, आणि दोन्हींचे गुण-अवगुण मला तोंडपाठ आहेत. दुकानातला पोऱ्या सांगणार नाही ते मी सांगते.

आधी मोठा. चित्राला तोड नाही. फुटबॉलचं मैदान लावलं तर गवताची पात वेगळी दिसते, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. तुझ्या माहितीपत्रकांतल्या दोन मोठ्यांपैकी काळ्याचा आवाज कमी आहे, पांढरा स्वस्त आहे पण त्याचे खेळ महाग. आमचा काळा होता. तोटा असा की तो टीव्ही अडवून बसतो, आणि ज्याचा टीव्ही त्याचाच गेम. मागच्या जाळीत धूळ बसली की तो तापतो, पंखा घरघरायला लागतो, आणि ऐन रंगात आलेला खेळ जागच्या जागी गोठतो. ही गोष्ट माहितीपत्रकात नसते. दोघांना मिळून खेळता येतं असं मात्र ठळक अक्षरात असतं. आमच्याकडे दुसरा कंट्रोलर खोक्यातून बाहेर आलाच नाही. आणि वजन. बराच भरतो तो हाताला.

आता छोटा. यातही दोन जाती आहेत. सपाट असतो त्याचा पडदा मोठा, पण एकदा पडला की तडकतो. घडीचा असतो तो डबीसारखा मिटतो, त्यामुळे टिकतो. टिचकीला मी घडीचाच घेतला होता, एका गिऱ्हाईकबाईंच्या मुलाचा जुना. चार्जिंग पटकन उतरतं, चित्र तळहाताएवढं, त्यावर डोळे फोडून घ्यावे लागतात. पण कुठेही नेता येतो. पलंगाखाली, न्हाणीघरात कडी लावून, जिन्याखालच्या कोनाड्यात. आवाज पूर्ण बंद करता येतो. दारात चावी फिरली की मिटून उशीच्या अभ्र्यात जातो. गेम लपवायला किती सोपा, हे बघून घेणारी गिऱ्हाइकं आमच्याशिवाय कुणी असतील असं वाटत नाही.

झालं. आलंच बोलण्यात. मी ठरवलं होतं की हे पत्र नुसतं गेमचं लिहायचं.

तुझे दाजी क्रेनवरून उतरून घरी आले की मोठा गेम लावायचे. दूर कुठल्या अनोळखी लोकांशी फुटबॉल खेळायचे. जिंकले तर टिचकीला खांद्यावर घेऊन खोलीभर नाचायचे, हे तू पाहिलंयस आणि आमचे दाजी किती मोकळे असं आईजवळ कौतुकही केलंयस. हरले तर काय, ते कुणी पाहिलेलं नाही. पहिल्यांदा कंट्रोलर भिंतीवर गेला. मग माझ्या पाठीवर. पुढे पुढे कंट्रोलर महाग पडतो म्हणून हातच चालायला लागला. तू मागे विचारलंस, ताई, चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि तुझाच चष्मा कसा सारखा मोडतो. मी म्हटलं, लोहाराच्या घरी विळा बोथट. तू हसलास. दुकानाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. दर वेळी नवी दांडी बसवून द्यायच्या आणि म्हणायच्या, वर माळ्याची खोली रिकामी आहे, सहज सांगून ठेवते.

आता तिथूनच लिहिते आहे.

गेल्या महिन्यातल्या एका दुपारची गोष्ट. ते हरत होते की जिंकत होते ते आठवत नाही, पण खेळ गोठला. धुळीनेच. त्यांना वाटलं टिचकीने छोटा चार्जिंगला लावताना त्यांची पिन ओढली. तिने ओढली नव्हती. ती पलंगाच्या आड पाय पोटाशी घेऊन बसली होती. त्यांनी तिला वेणीला धरून ओढलं. तिच्या हातातला गेम घेतला, बिजागरीतून उलटा वाकवून मोडला, आणि त्याच तुटक्या अर्ध्याने तिच्या तोंडावर मारलं. भुवई फाटली. रक्त डोळ्यात गेलं म्हणून ती हात डोळ्याशी नेत होती, तर त्याला वाटलं ती हात उगारते. त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. एकदा, आणि पुन्हा धरलं.

बघ, "ते"चा "तो" झाला. त्या टेबलापाशीच झाला, आता परत फिरणार नाही.

मी मोठा गेम उचलला. वायरींसकट. त्या ताणल्या, टीव्ही पुढे येऊन पालथा पडला, पण गेम सुटला, आणि मी तो दोन्ही हातांनी त्याच्या मानेच्या वर घातला. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. त्याने वेणी सोडली. टिचकी घसरत भिंतीशी गेली. तो गुडघ्यांवर आला.

तो मेला नाही, हे आधी सांगून टाकते, तुझा जीव टांगणीला नको. रुग्णालयात आहे. जबडा तारेने बांधलाय, एका डोळ्याने अंधूक दिसतं. शेजारच्या गवंड्याने पोलिसांना बोलावलं. माझा फोन त्यांनी जमा करून घेतला, त्यात जुने फोटो होते, माझ्या पाठीचे. दुकानाच्या बाई जामीन राहिल्या. टिचकीला टाके पडले, पण डोळा वाचला.

वकीलबाई समजूतदार आहेत. म्हणाल्या, मुलीला मारत असताना आई मध्ये पडली, वार केला, यात कुठलंही न्यायालय आईलाच समजून घेईल. त्याच्या जखमा दोन आहेत, एक डोक्याला मागे आणि एक जबड्याला. जबडा पडताना टेबलाच्या कडेवर आपटला असेल, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली. जबानीतही तसंच लिहून दिलं.

ठोकळ्या, तो टेबलावर आपटला नाही.

तो गुडघ्यांवर होता आणि त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. हात वर केला. मारायला नाही. थांब म्हणायला. तोंडातून लाळ गळत होती. त्याला आता काही करता येणार नाही हे मला दिसत होतं, स्पष्ट, भिंग लावल्यासारखं. आणि मी दुसऱ्यांदा घातला. समोरून. सगळ्या ताकदीने. माझ्या अंगात कुणी शिरलं नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी आली नव्हती. मी ठरवून मारलं. आणि मारताना बरं वाटलं, हेही तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. तिसऱ्यांदाही उचलला होता. टिचकी "आई" म्हणाली म्हणून खाली ठेवला.

हे सगळं तिने पाहिलं आहे.

परवा शाळेत जाण्याआधी तिची वेणी घालायची होती. फणी फळीवर होती, ती घ्यायला मी हात वर केला, तर पोरीने मान खांद्यात घातली. त्याच्या हाताला घाबरायची अगदी तशी. माझ्या हाताला. मी फणी तिच्या हातात दिली. तिने स्वतःच वेडीवाकडी वेणी घातली.

काल वकीलबाई तिच्याशी बोलायला आल्या. पुढच्या आठवड्यात तिचीही जबानी होणार आहे. खाऊ दिला, गोड बोलल्या, आणि आईने बाबांना एकदाच मारलं ना गं, असं तिच्याकडून घोटून घेतलं. त्या गेल्यावर ती खिडकीपाशी उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आई, मी एकदा म्हणू की दोनदा?"

एकदा म्हण म्हटलं असतं तर ती म्हणाली असती. जन्मभर म्हणाली असती. त्याच्याबद्दल बाहेर काही बोलायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं, आता माझ्याबद्दलही तेच शिकवणार होते.

मी म्हटलं, "जेवढं पाहिलंस तेवढं."

"मग तुला नेतील?"

"कदाचित."

ती खिडकीपासून वळली. मग जवळ येऊन टेकून बसली. मी हात मांडीवरच ठेवले, तिने स्वतः उचलून त्यातला एक आपल्या खांद्यावर घेतला.

म्हणून उद्या मी पोलीस चौकीत जाऊन माझी जबानी बदलणार आहे. दुसरा वार माझा आहे. तिने तो सांगण्याआधी मी सांगायला हवा. वकीलबाई कपाळावर हात मारून घेतील. पुढे काय होईल ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. पत्र मिळताच निघ, आणि टिचकीला घेऊन जा, तू येईपर्यंत ती दुकानाच्या बाईंजवळ राहील. आईला तू सांग, माझ्याने होणार नाही. आणि मला समजावू नकोस, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे.

राहिला तुझा प्रश्न. छोटा घेऊ नकोस. ती तो घेऊन तुझ्या घरातही एखादा कोनाडा शोधेल, आणि पोरगी शांत आहे म्हणून तुम्ही दोघं खूश व्हाल. मोठाच घे, काळा की पांढरा ते तिला विचार. बैठकीच्या खोलीत लाव, दार उघडं ठेवून, आणि आवाज चालू ठेव. दोन्ही कंट्रोलर खोक्यातून बाहेर काढ. एक तिला दे, एक तू घे, आणि तिच्याशेजारी बस. ती चांगली खेळते, तुला धूळ चारेल.

हरलास की हस. मोठ्याने हस, आणि पुन्हा खेळू म्हण. पहिले काही दिवस ती तुझ्या हातांकडेच बघत राहील. बघू दे.

तुझी,
आणि उद्यापासून कुठल्या पत्त्यावर ते ठाऊक नसलेली,
ताई